न आलेलं वासरू

माझ्या ट्रकखाली आजवर कोणी आलेलं नाही. बावीस वर्षं मी हे वाक्य छाती पुढे काढून सांगत आलो. आजही ते खरंच आहे, पण आता सांगताना मध्येच थांबतो. त्याच्या पुढे जे जोडायला हवं होतं ते मी दीड महिना घराबाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं.

मी चिऱ्यांची गाडी चालवतो. आमचा गाव समुद्रापासून आत, डोंगराच्या अंगाला. गावाच्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चिरेखाणी आहेत. सकाळी तिथे गाडी भरायची, तांबड्या दगडांची रास घेऊन घाटी उतरायची आणि मालवणावरून किनाऱ्याला जायचं. बहुतेक वेळा देवबाग, कधी तोंडवली. तिकडे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचं काम संपतच नाही. एकाच्या चार खोल्या पुऱ्या झाल्या की शेजारचा पाच खोल्यांचा पाया खणायला घेतो. देवबागला एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधून जेमतेम एका गाडीचा रस्ता. समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाने कोणाच्या तरी अंगणात शिरायचं आणि त्या घरातल्या बाईने ओट्यावरून ओरडायचं, "आजून मागे, आजून मागे, माझी तुळस सांभाळ!" मला हे काम मनापासून आवडतं. चिरा कितीही जड असला तरी त्याचं घर होतं, हे बघायला मिळतं. ज्या भिंतींना मी दगड आणले त्या भिंतींवर आता बोगनवेली चढल्या आहेत, आणि तिथून जाताना मी उगाच हॉर्न वाजवतो.

मी पीत नाही. तंबाखू नाही. उतारावर गाडी बंद करून सोडून देत नाही. माझं व्यसन मासे पोचवण्याचं होतं.

मासे खातात सगळेच. पण आमच्या वाडीत मासा यायचा तो उशिरा आणि दमून. मी मात्र रोज किनाऱ्यावर, आणि परत येताना गाडी रिकामी. पहिल्यांदा घरच्यासाठी आणले, मग शेजारणीने सांगितलं, मग तिच्या शेजारणीने. बघता बघता वाडीतली सतराही घरं माझ्यावर विसंबून मसाला वाटायला लागली. दुपारी वाडीच्या तोंडाशी हॉर्न दिला की बायका टोप घेऊन बाहेर यायच्या. कोणी म्हणायची, "भावोजी, तुमी नसतात तर आमका आज वालीची भाजी खावची लागली असती." ती पाच मिनिटं मला फार गोड लागायची. खोटं कशाला बोलू, त्या पाच मिनिटांसाठी मी दिवसभर फोन उचलायचो.

आणि फोन दिवसभर यायचे.

"खंय पावलंस?"

"घाटी उतारतंय."

"मगे आयक. बांगडे गावले तर हाड, पण लय मोठे नको. तिखला करूचा हा."

"आणि बांगडे नसले तर?"

"तर माका परत फोन कर. आणि पेडवे हाडू नको हां, सासऱ्याक काटे लागतत."

एक हात सुकाणूवर, एक कानाशी. पुढे पुढे तर फोटो यायला लागले. किनाऱ्यावर लिलावाला एक ओळखीचा माणूस असायचा. तो वाळूवर मांडलेल्या माशांचे फोटो काढून पाठवायचा, मी ते चालत्या गाडीत बघायचो आणि सांगायचो, ह्यो ठेव, ह्यो नको. मला तेव्हा वाटायचं की रस्ता तर मला पाठ आहे. खरं म्हणजे रस्ता पाठ असतो, रस्त्यावरची माणसं रोज नवी असतात. हे मला समजलं नव्हतं असं नाही. समजून मी बाजूला ठेवलं होतं.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळचे दहा वाजले असतील. शेतात भात झोडायचं काम चाललं होतं. गाडी पूर्ण भरलेली. वाडीतल्या एका घरी व्याही यायचे होते आणि त्या घरातून सकाळपासून चार फोन आले होते: सुरमई हवी, आणि ताजीच हवी. मालवण चार-पाच किलोमीटरवर असताना फोटो आला. ओल्या वाळूवर आडवी टाकलेली चांगली हातभर सुरमई. ताजा मासा डोळ्यावरून ओळखतात, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. डोळा फुगलेला आणि लख्ख हवा. म्हणून मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. माशाचे डोळे बघता बघता माझे डोळे रस्त्यावरून गेले.

डाव्या चाकाखाली खडी वाजली. मान वर केली तर व्हाळावरचं, ओढ्यावरच्या मोरीचं, वळण आलेलं, आणि वळणाच्या कडेला डोक्यावर पाटी घेतलेली एक बाई. मी सुकाणू उजवीकडे ओढलं. मागचा माल कलला, गाडी एवढी डोलली की मला वाटलं आडवी झाली. मग ती सावरली आणि थांबली. डोलताना आरशात मला फक्त हवेत उडालेली पाटी दिसली होती आणि चमकत खाली येणारे पेडवे.

गाडी तिला लागली नव्हती. तिने स्वतःच गटारात उडी घेतली होती. मी धावत गेलो तेव्हा ती गटारात बसून, एक हात पोटाशी धरून, मला शिव्या घालत होती. त्या शिव्या ऐकून मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही. शिव्या देते आहे म्हणजे जिवंत आहे.

"शिरा पडो तुझ्या तोंडार! डोळे खंय ठेवलं हुतंस मेल्या?"

नेमका प्रश्न होता. एवढ्यात शेतातली माणसं धावत आली, आणि त्यांनी विचारलं, "काय रे, काय झाला?"

मी म्हणालो, "वासरू आडवा इला."

हे मी ठरवून बोललो नाही. पण तोंडातून आलं ते माझ्याच. गाडीत सीटवर फोन अजून उजळलेला होता.

बाईचा आवाज तिथल्या तिथे उतरला. "वासरू? मगे तू तरी काय करतलंस रे बाबा. मुक्या जनावर ता. आणि मी तुका कायबाय बोललंय." ती मलाच समजावू लागली. मी तिला उचलून केबिनमध्ये बसवलं आणि गाडी थेट दवाखान्यात नेली. जमलेल्या माणसांनी पेडवे गोळा केले आणि मागून तिच्या घरी पोचवले.

उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत मी बाकड्यावर तिच्याशेजारी बसून होतो. ती साठीची, किनाऱ्यावरून मासे घेऊन गावोगाव विकणारी. मी तिला मावशी म्हणायला लागलो, ती मला झिला म्हणायला लागली. दुखत असताना माणूस एकतर गप्प बसतो नाहीतर फार बोलतो. ती फार बोलणाऱ्यांतली.

"तुझो गाव खंयचो?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"थंय मी वर्षानुवर्षां येय हुतंय. एका वाडीत तर सतरा घरां माझी. आता दोन वर्षां झाली, थंय कोण घेत नाय. कोणतरी मेलो गाडयेतसून हाडून देता म्हणे."

मी भिंतीवरचं लसीकरणाचं चित्र बघत राहिलो. एवढी वर्षं ती आमच्या वाडीत येत होती आणि मी तिला एकदाही नीट पाहिलं नव्हतं, कारण ती यायची तेव्हा मी रस्त्यावर असायचो. आणि ती यायची थांबली हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगणार कोण? त्यांच्या टोपात मासे येतच होते.

त्या दिवसापासून मी फोन बंद करून सीटमागच्या पेटीत, जॅकच्या खाली ठेवायला लागलो. वाडीत सांगितलं, फोन बिघडला. म्हणजे एक खोटं झाकायला दुसरं. बायका नाराज झाल्या. एकजण तर म्हणाली, "भावोजी, नवो घेयात, आमी वर्गणी काढतो."

पण त्या दिवसांत मला एक विचित्र सुख लागलं, तेही कबूल केलं पाहिजे. बावीस वर्षांत मी हा रस्ता पाहिलाच नव्हता. शाळेजवळ एक म्हातारा रोज त्याच वेळी नातवाचं दप्तर घेऊन रस्ता ओलांडतो आणि ओलांडून झाल्यावर गाडीला नमस्कार करतो. एका घराच्या दगडी गडग्यावर बसून एक कोंबडा माझ्या हॉर्नला उत्तर देतो, चुकूनही सोडत नाही. पुलाजवळ पाण्यावरून गेलेल्या तारेवर निळा खंड्या बसतो. आणि माणसं हात करतात! कितीतरी माणसं मला हात करत होती आणि मी फोनवर बांगड्यांची लांबी ठरवत होतो. आता मी दोन्ही हात सुकाणूवर ठेवून मान हलवायला लागलो. दहा-बारा दिवसांत दोघातिघांनी विचारलं, "काय रे, देवळात-बिवळात जाऊक लागलंस काय? अगदी बदाललंस." मान हलवली की माणूस बदलतो, हे मला माहीत नव्हतं.

मावशीचं घर त्या वळणापासून जवळच होतं. प्रत्येक फेरीला मी तिथे थांबायचो. पाणी भरून द्यायचो, बाजारातलं काही हवं असेल तर आणायचो. ती डाव्या हाताने पेज वाढायची, सोबत सुकटाची किसमूर. तिची सून मुंबईला फोन करून नवऱ्याला सांगायची, "असो ड्रायव्हर गावाचो नाय हो. दुसरो असतो तर पळान गेलो असतो." मी मान खाली घालून पेज भुरकायचो. त्यांना वाटायचं मी लाजाळू आहे.

आणि वासरू वाढत होतं. पहिल्या आठवड्यात ते नुसतं वासरू होतं. दुसऱ्या आठवड्यात ते तांबडं झालं. मग कोणीतरी म्हणालं, कपाळावर पांढरा टिकला होता, आपण लांबून बघितला. एकदा टिकला आल्यावर मालक सापडायला काय वेळ? मावशीच्या घरापलीकडे एका शेतकऱ्याकडे तसंच वासरू होतं. गावातल्या चार माणसांनी जाऊन त्याला झापलं. तो शपथेवर सांगत होता की त्याचं वासरू त्या वेळी गोठ्यात होतं. कोणी ऐकलं नाही. शेवटी त्याने वासराला दावं लावून फणसाला बांधून ठेवलं. माझी गाडी तिथून गेली की ते हंबरायचं. वासरं हंबरतातच. पण तिथे आलं की मी काच वर करून घ्यायचो.

बायकोला मी सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "सुरमयचो फोटो बघी हुतात?"

"व्हय."

"माका सांगून काय उपयोग? मी काय गटारात पडलंय? जिका सांगूचा तिका सांगा."

"ती परत तोंड बघूची नाय माझा."

"मगे नको बघांदेत. पण तिना तुमका जेवण वाढताना कोणाक वाढता हा ता तिका कळाक नको?"

मी दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मावशीने खास माझ्यासाठी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलं होतं. मी नाही सांगितलं. असं चार वेळा झालं. भीती दवाखान्याच्या खर्चाची किंवा पोलिसांची नव्हती. त्या घरात एक ताट माझं म्हणून बाजूला काढून ठेवलेलं असायचं, ते जाईल ही भीती होती.

प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने मला सांगितलं, "येत्या सोमवारी येळ काढ. देवाक गाऱ्हाणा घालतंय. तुझ्यासाठी."

आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. देवळात गावातला एक मानकरी देवासमोर उभा राहतो आणि मोठ्याने, आपल्या बोलीत, देवाशी बोलतो. कोणाचं काय झालं, कोणाला काय हवं, सगळं देवाला तोंडावर सांगतो. प्रत्येक वाक्यामागे जमलेली माणसं एका आवाजात म्हणतात, "व्हय म्हाराजा!" म्हणजे सगळ्यांनी त्या वाक्याला साक्ष दिली. तिथे खोटं बोलायची कोणाची छाती होत नाही.

सोमवारी सकाळी मी धुतलेला शर्ट घालून गेलो. गाडी देवळाच्या माळावर लावली. पंधरावीस माणसं जमली होती. वासराचा मालकही कोपऱ्यात उभा होता, चेहरा पाडून. मावशीने नवीन लुगडं नेसलं होतं. तिने नारळ माझ्या हातात दिला. "तू धर. तुझो मान."

मानकऱ्याने घसा साफ केला.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या तुझ्या लेकीन तुझ्या दारात नारळ हाडल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"वाटेन जाताना तिच्यावर संकट इला, पण तुया तिका राखलंस..."

"व्हय म्हाराजा!"

"वासरू आडवा इला तरी ह्या ड्रायव्हरान आपलो जीव धोक्यात घालून..."

सगळ्यांनी तोंड उघडलं. मी ओरडलो, "नाय म्हाराजा!"

माझाच आवाज देवळात घुमून माझ्याकडे परत आला. गाऱ्हाण्यात "नाय म्हाराजा" म्हणायची पद्धतच नाही. मानकरी एवढा दचकला की त्याचे जोडलेले हात सुटले. "काय रे? तुका काय झाला?"

"वासरू नव्हता," मी म्हणालो. नारळ हातात गच्च धरलेला होता. "वासरू इलाच नाय. मी मोबायलात सुरमयचो फोटो बघी हुतंय. तिचो डोळो बघूक मोठो केलंय आणि गाडी कडेक गेली. मावशेचो हात माझ्यामुळे मोडलो."

मग कोपऱ्यातून आवाज आला.

"अरे माझ्या वासराक दीड म्हयनो बांधून घातलंय मी!" वासराचा मालक दोन्ही हात वर करून पुढे आला. "दीड म्हयनो! ह्या सगळ्यांनी माका धुवून काढल्यांनी! टिकलो बघलंय म्हणत हुतो तो खंय गेलो? तो टिकलेवालो खंय आसा?"

टिकला पाहणारे गृहस्थ खांबाआड सरकले. त्यांना सरकताना पाहून एक बाई फसकन हसली, आणि मग ते हसू कोणाला आवरेना. मानकरी देवाकडे पाठ करून हसत होता. फक्त दोन माणसं हसत नव्हती. मी आणि मावशी.

ती उठली आणि बाहेर जाऊन देवळाच्या पायरीवर बसली. मी नारळ तसाच घेऊन तिच्यामागे गेलो आणि दोन पायऱ्या खाली बसलो. हसणं हळूहळू थांबलं. आतून कोणी बाहेर आलं नाही.

ती मनगट चोळत होती. मग म्हणाली, "कोणासाठी बघी हुतंस?"

"वाडीतल्यांसाठी. मीच नेय हुतंय सगळ्यांका मासे."

"सतरा घरां?"

"सतरा घरां."

"म्हणजे माझी गिऱ्हाइका पण तूच नेलंस आणि हात पण तूच मोडलंस."

"व्हय."

"आणि माझ्याकडे बसान तिसऱ्यो खाल्लंस."

"व्हय."

तिने माझ्याकडे पाहिलं. दवाखान्यात, पेज वाढताना, तिने माझ्याकडे पुष्कळ वेळा पाहिलं होतं, पण ते त्या चांगल्या ड्रायव्हरकडे. असं माझ्याकडे ती पहिल्यांदाच बघत होती. मी उठून जायच्या तयारीत होतो.

"डोळो कसो हुतो?"

"कोणाचो?"

"त्या सुरमयचो रे मेल्या!"

"बघूक गावाक नाय."

"गावतलो कसो? फोटोत डोळो कळना नाय. पाण्याचो हात मारून फोटो काढतत ते, सगळेच डोळे चमाकतत. मासो हातात घेवन दाबूचो लागता." तिने तिचा बरा झालेला हात पुढे केला आणि माझ्या दंडात अंगठा जोरात दाबला. मी ओरडलो. "हां. दाबल्यावर परत वर इलो तर ताजो. दोन वर्षां वाडयेक काय खावक घातलंस कोणाक म्हायत."

मी रडत होतो की हसत होतो मला कळलं नाही. तीच म्हणाली, "पुरे. नारळ तुझ्या हाताच्या घामान नासतलो. चल आत."

गाऱ्हाणं पुन्हा पहिल्यापासून झालं, कारण अर्धवट गाऱ्हाणं देवाला चालत नाही. मानकऱ्याने ह्या वेळी काही सोडलं नाही. माणूस रंगात आला होता.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या खुळ्या लेकरान चालत्या गाडयेत माशाचे डोळे बघल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या म्हातारेक गटारात घातल्यान..."

"म्हातारी कोणाक म्हणतंस?" मावशी मधेच.

"आणि ह्या बायेक गटारात घातल्यान..."

"व्हय म्हाराजा!"

"नसलेल्या वासराचो आळ असलेल्या वासरावर घातल्यान..."

ह्या वाक्याला वासराच्या मालकाचा "व्हय म्हाराजा" बाकी सगळ्यांपेक्षा मोठा होता.

"तर आता त्याका सुद दी, त्याचे डोळे रस्त्यार ठेव, त्याचे हात सुकाणूर ठेव, आणि जी चूक झाली ती पदरात घी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मीही म्हणालो. दीड महिन्यात पहिल्यांदा माझा आवाज मोकळा निघाला. वासराचं दावं त्याच दुपारी सुटलं. ते माळावर असं उधळलं की पकडायला तिघे लागले, त्यात मी एक.

निघताना मावशी म्हणाली, "उद्या येताना बाजारात थांब. माका घी. डोक्यार पाटी घेवन चार कोस चालूक आता हो हात देवचो नाय. तुझ्या वाडयेत माका सोड."

दुसऱ्या दिवशी देवबागला चिरे उतरवून मी बाजारात आलो. ती पाटीवर ओलं फडकं टाकून उभी होती. लिलावात स्वतः निवडून घेतलेले मासे. पाटी मागे चढवली, तिला केबिनमध्ये बसवलं. फोन मी सकाळीच चालू केला होता आणि वाडीत तसं सांगितलंही होतं; तो पेटीत टाकायला निघालो तर तिने हात पुढे केला. "पेटयेत कित्याक? माझ्याकडे दी. गिऱ्हाइकांचे फोन येतत, ते घेऊक व्हये ना?"

गाव सुटायच्या आत पहिला फोन आला.

"हॅलो. नाय, तो नाय. तो गाडी चालवता हा... मी कोण? मी मासेवाली. खंयची म्हणजे? वळखूक नाय आवाज? दोन वर्षांत इसारलंस?... हां, तीच. आज पेडवे चांगले आसत, आणि दोन सुरमय आसत. सासऱ्याक काटे लागतत तर सुरमय घी, पेडवे कित्याक इचारतंस?"

आणि ती माझ्याशीही बोलत होती, अखंड. लिलावात कोणी कोणाला फसवलं, सुनेचं काय चुकतं, मानकऱ्याचा घसा कसा बसला. मला काळजी वाटली की आता फोनपेक्षा हिचाच त्रास व्हायचा. पण वळण जवळ आलं की ती शब्द अर्धा टाकून गप्प व्हायची आणि समोर बघायची. वळण संपलं की तो अर्धा शब्द उचलून पुढे चालू.

"तर माझ्या सुनेन काय केल्यान म्हायत आसा, भाताचो टोप..."

वळण. समोरून एक रिक्षा. रिक्षा गेली.

"...जळवल्यान."

वाडीच्या तोंडाशी मी हॉर्न दिला. बायका टोप घेऊन आल्या आणि केबिनमधून तिला उतरताना पाहून थबकल्या. कोणाला लाज वाटली, कोणी उगाच हसली. मी पाटी खाली उतरवून दिली. एकीने तिच्या हाताकडे पाहिलं.

"गो मावशे, हात कसो गो बारीक झालो? काय झाला?"

मावशीने पाटीवरचं फडकं काढलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्येका इचारा."

मी गाडी बंद केली आणि सगळं सांगितलं. फोटो, वळण, गटार, वासरू, बिघडलेला फोन. फक्त सुरमई कोणाच्या घरी जायची होती ते सांगितलं नाही. त्या घरातली बाई समोरच उभी होती. तिने टोप छातीशी धरला आणि मान खाली घातली. मग वर बघून म्हणाली, "भावोजी, त्या दिवशी व्याही येवकच नाय. गाडी चुकली त्यांची."

"मगे आज खाय," मावशी म्हणाली आणि सुरमई उचलून तिच्या हातात दिली. "दाब. दाबून बघ अंगठ्यान. फोटो नको."

सतरा घरच्या बायका पाटीभोवती वाकल्या. प्रत्येकीला दाबून बघायचं होतं. घासाघीस सुरू झाली, कोणी म्हणाली महाग, मावशी म्हणाली मग वालीची भाजी खा. माझ्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. मी फडक्याने काच पुसली, आरसे पुसले, आणि घरी गेलो. बायकोने विचारलं, "मासे खंयत?"

"बाहेर मासेवाली इल्या," मी म्हणालो. "जा, घेवन ये."

ती टोप घेऊन धावली.